आधी सांग, तू काढतेस कशी
(रोजनिशीतील पाने)

श्टुटगार्ट, रविवार, २ फेब्रुवारी २०२५

यंदा ३० मार्चला पाडवा. इथल्या मराठी कुटुंबांच्या कार्यक्रमात मंचामागच्या पडद्यावर रांगोळी काढायची असं आज बैठकीत ठरलं. तयार चित्र दाखवायचं नाही. ठिपके उमटावेत, मग रेघ एकेका ठिपक्याकडे सरकत जावी आणि बघणाऱ्याला रांगोळी घडताना दिसावी. काम माझ्याकडे आलं आणि मी आनंदाने घेतलं. नोकरीतही मी हेच करते: यंत्रं कशी चालवायची हे समजावणारी छोटी हलती चित्रं कोडमध्ये लिहिते.

फोटो म्हणजे रंगीत कणांची जाळी. तो फार मोठा केला की कण दिसू लागतात. वेक्टर चित्रात कण नसतातच. ‘इथून सुरू कर, असा वळ, तिथे थांब’ एवढ्याच सूचना असतात आणि ब्राउझर त्या दर वेळी नव्याने पाळतो. म्हणून तेच चित्र मोबाइलवर आणि सभागृहाच्या भिंतीवर सारखंच रेखीव दिसतं. सूचनांमधले आकडे वेळेबरोबर बदलत नेले की चित्र हलायला लागतं. वेबवर यासाठी एसव्हीजी नावाचं स्वरूप २००१पासून प्रमाण मानलं जातं.

या कामात श्टुटगार्टचा मान मोठा आहे. फेब्रुवारी १९६५मध्ये इथल्या तांत्रिक विद्यापीठात, तत्त्वज्ञ माक्स बेन्झे यांच्या पुढाकाराने, गेओर्ग नेस यांची चित्रं मांडली गेली. नेस एर्लांगेनला सीमेन्समध्ये गणिताचं काम करत. त्यांनी प्रोग्रॅम लिहिला, संगणकाने बिंदू मोजून छिद्रांच्या कागदी पट्टीवर उतरवले आणि ती पट्टी वाचून कोनराड त्सूझे यांच्या कंपनीच्या ‘ग्राफोमाट झेड ६४’ यंत्राने कागदावर पेन चालवलं. संगणकाने काढलेल्या चित्रांचं हे जगातलं पहिलं प्रदर्शन मानतात. त्याला या महिन्यात साठ वर्षं होतात.

त्या प्रसंगाची एक हकिगत फ्रीडर नाके यांनी सांगितली आहे. नाके हे याच शहरातले आद्य संगणक-चित्रकार. प्रदर्शनाला आलेल्या एका चित्रकाराने नेसना विचारलं, तुमचं यंत्र कधी माझ्या पद्धतीने चित्र काढू शकेल का? नेस म्हणाले, जरूर, पण एका अटीवर. तुम्ही चित्र कसं काढता ते आधी मला नेमकं सांगा.

मला ही अट फार मोलाची वाटते. पडद्यावरची रांगोळी याच अटीवर करायची. इंटरनेटवरचं चित्र उचलून गिरवायचं नाही. जिच्या हातात ती आहे, तिला विचारायचं.

रविवार, ९ फेब्रुवारी

आईला सांगलीला व्हिडिओ कॉल केला. इथे सकाळचे साडेसात, तिकडे दुपारचे बारा. तिने ओसरी पुसून घेतली होती. फोन स्टुलावर ठेवून कॅमेरा जमिनीकडे वळवला.

“आई, ज्ञानकमळाची रांगोळी काढ आणि काढताना बोलत राहा.”

“बोलू काय? हात जातो तसा जातो.”

“तरी बोल. मला एकेक पाऊल लिहून घ्यायचंय.”

तिने चिमूट भरली. “हे बघ, आधी अधिकची खूण. तिच्यावर गुणाकाराची. झाल्या आठ दिशा. आता मध्यापासून प्रत्येक दिशेला पाच-पाच ठिपके. कुठल्याही दिशेचा पहिला ठिपका धर. शेजारच्या दिशेचा तिसरा. तिच्या शेजारच्या दिशेचा पाचवा. मग पुढच्या दिशेचा दुसरा, त्याच्या पुढचा चौथा, आणि पुन्हा पहिला. असंच गोल फिरायचं.”

“थांबायचं कधी?”

“निघालीस तिथे रेघ परत आली की कमळ झालं.”

“मध्ये रेघ तोडायची नाही?”

“तोडावी लागतच नाही गं. चिमूट संपली तर भरून घ्यायची, आणि जिथे थांबली तिथूनच पुढे.”

मी जसंच्या तसं लिहून घेतलं: एक, तीन, पाच, दोन, चार, दर पावलाला एक दिशा पुढे. तिच्या बोलण्यात एकही शब्द फालतू नव्हता. सुरुवात, नियम, पुनरावृत्ती आणि थांबण्याची खूण, असं सगळं त्यात होतं. प्रोग्रॅमला आणखी काही लागत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी, रात्री

आईची रेघ का तुटत नाही, हे वहीत मांडलं. दिशा आठ, ठिपके पाच. दर पावलाला दिशा एकाने पुढे जाते, म्हणून आठ पावलांनी तीच दिशा पुन्हा येते. ठिपक्यांचा क्रम पाच पावलांनी पुन्हा सुरू होतो. आठ आणि पाच यांना एकाशिवाय समान विभाजक नाही, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मूळ जागी यायला चाळीस पावलं लागतात. ठिपकेही चाळीसच. म्हणजे प्रत्येक ठिपक्यावरून एकदाच जाऊन रेघ घरी येते. प्रत्येक दिशेला चारच ठिपके घेतले तर रेघ आठ पावलांत मिटते आणि चार वेगळ्या रेघा काढाव्या लागतात. सहा घेतले तर दोन. सात घेतले की छप्पन ठिपक्यांची पुन्हा एकच सलग रेघ. पाच ही संख्या ज्या कोणा बाईने पहिल्यांदा ठरवली, तिला हे गणित हाताने ठाऊक होतं.

दक्षिणेतल्या रांगोळीकडे, म्हणजे कोलमकडे, अभ्यासकांचं लक्ष लवकर गेलं. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात कोलमचे नियम संगणकशास्त्राच्या व्याकरणात बसवले. आपल्या अंगणातल्या रांगोळीवरही असं काम व्हायला हवं.

आता वळणांबद्दल. वेक्टर चित्रातली नेहमीची वक्ररेषा बेझिए यांची. रेनो मोटार कंपनीत पिएर बेझिए यांनी ती रूढ केली. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो १९५९पासूनच तिच्यावर काम करत होते. दोघांनाही मोटारीचा पत्रा हवा तसा वळवायचा होता. या रेषेला दोन टोकं आणि मध्ये दोन नियंत्रक बिंदू असतात. रेषा त्यांच्याकडे ओढली जाते, पण सहसा त्यांना शिवत नाही. ज्ञानकमळाची रेघ मात्र प्रत्येक ठिपक्यावरूनच गेली पाहिजे. त्यासाठी १९७४चा कॅटमल आणि रोम यांचा वक्र घेतला. त्याचा नियम सोपा आहे: कुठल्याही ठिपक्यावर रेघेची दिशा ही मागच्या आणि पुढच्या ठिपक्याला जोडणाऱ्या रेषेला समांतर. त्या दोन ठिपक्यांमधलं अंतर सहाने भागलं की बेझिएचे नियंत्रक बिंदू हाती येतात आणि एसव्हीजीला कळेल असा पाथ तयार होतो.

रेघ ‘काढली जातेय’ असं दिसण्याची युक्ती जुनी आणि सुंदर आहे. रेघ तुटक करायची, पण तुटक तुकड्याची लांबी पूर्ण रेघेइतकी ठेवायची आणि मोकळ्या जागेचीही तेवढीच. सुरुवातीला मोकळी जागा पाथवर असते, म्हणून काहीच दिसत नाही. मग ‘स्ट्रोक-डॅशऑफसेट’ हा आकडा हळूहळू शून्याकडे न्यायचा. तुकडा पाथवर सरकत येतो आणि रेघ उमटत गेल्यासारखी दिसते.

रविवार, १६ फेब्रुवारी, ट्यूबिंगेन

रेल्वेने ट्यूबिंगेनला आले. इथल्या शहर-संग्रहालयात लोटे रायनिगर यांचं कायमचं दालन आहे. त्यांचा ‘राजपुत्र आख्मेद’ १९२६मध्ये बर्लिनमध्ये झळकला. आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट. पॉट्सडामच्या स्टुडिओत १९२३ ते १९२६ असं तीन वर्षं त्याचं काम चाललं होतं. काळा पुठ्ठा आणि पातळ शिसं यांचे कात्रीने कापलेले तुकडे, तारेच्या बिजागऱ्या, खालून उजेड येणारी काच, वर कॅमेरा. हात केसभर सरकवायचा, एक चित्र टिपायचं, पुन्हा सरकवायचा. आयुष्याचं शेवटचं वर्ष त्यांनी इथून जवळच डेटनहाउझेन या गावात काढलं. १९८१मध्ये तिथेच त्या गेल्या.

बिजागऱ्या जवळून पाहिल्या. खांदा हलला की कोपर आणि मनगट त्याच्याबरोबर जातात, मनगट हललं तर खांदा जागेवर राहतो. मी कोडमध्ये ग्रुपच्या आत ग्रुप ठेवते आणि प्रत्येकाचा फिरण्याचा बिंदू ठरवते, तो हाच विचार. २०१७मध्ये एअरबीएनबी कंपनीने वेक्टर अ‍ॅनिमेशन मोबाइलवर दाखवण्याची एक लायब्ररी सगळ्यांसाठी खुली केली आणि लोटे रायनिगर यांच्याच नावावरून तिचं नाव ‘लॉटी’ ठेवलं. आज असंख्य अ‍ॅपमधली हलती चित्रं तिच्यावर चालतात. तिच्या फायलीत सहसा फोटो नसतो. आकार आणि वेळ यांचे आकडे असतात.

दालनात उभी असताना कुडाळजवळची पिंगुळी आठवत होती. ठाकर समाजाने तिथे चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ जपला. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ची पद्मश्री मिळाली. चामड्याची बाहुली, तिचा सुटा हलणारा हात, मागचा दिवा, पुढचा पडदा. आणि दादासाहेब फाळके: त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्यासमोर कॅमेरा लावला आणि एकेक चित्र टिपत त्याची वाढ पडद्यावर आणली. सिनेमाकडे वळण्याआधी, १९०९मध्ये, छपाईच्या यंत्रांसाठी ते जर्मनीत येऊन गेले होते. या परंपरेत आपण पाहुणे नाही, घरचे आहोत.

शनिवार, २२ फेब्रुवारी

पडद्यावरची रेघ बरोबर होती, पण निर्जीव वाटत होती. ती सगळीकडे एकाच वेगाने धावत होती. आईचा हात असा चालत नाही. कॉल रेकॉर्ड केला होता, तो हळू करून पाहिला. सरळ टप्प्यात हात झरकन जातो, पाकळीच्या टोकाला मंदावतो, वळतो आणि पुन्हा वेग घेतो.

याचा नियम शास्त्रज्ञांनी शोधला आहे. लाक्वानिती, तेर्त्सुओलो आणि विव्हियानी या तिघांनी १९८३मध्ये तो मांडला. चित्र काढणाऱ्या हाताचा वेग वळणाच्या त्रिज्येच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या आठपट लहान झाली की वेग निम्म्यावर येतो. मी पाथचे बारीक तुकडे केले, प्रत्येक तुकड्याची वक्रता काढली आणि या नियमाने त्याला वेळ वाटून दिला. सरळ भागात त्रिज्या अमर्याद होते, म्हणून वेगाला वरची मर्यादा घातली. काही पाकळ्यांनंतर चिमूट भरण्याइतका विरामही ठेवला.

आईला नवं रूप पाठवलं. म्हणाली, “आता हात दिसतोय.”

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

ऑफिसात दिवसभर एकच विषय. जर्मनीत २८ जूनपासून सुगम्यतेचा नवा कायदा लागू होतोय. ग्राहकांना दिल्या जाणाऱ्या अनेक डिजिटल सेवा अपंग व्यक्तींनाही वापरता आल्याच पाहिजेत. हलत्या चित्रांसाठी नियम स्पष्ट आहेत. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नको, त्याने फेफरं येऊ शकतं. आपोआप सुरू झालेली हालचाल पाच सेकंदांहून जास्त चालत असेल तर ती थांबवायची सोय हवी. काहींना हलत्या पडद्याने गरगरतं. त्यांनी फोनमध्ये ‘हालचाल कमी करा’ हा पर्याय निवडला असेल तर ते कोडला विचारता येतं आणि स्थिर चित्र दाखवता येतं.

कोडमध्ये लिहिलेल्या चित्राचा हा मोठा गुण. व्हिडिओ सगळ्यांना एकच मिळतो. कोड समोरच्या माणसाची गरज विचारून वागू शकतो. पाडव्याच्या रांगोळीची वेबपानावरची आवृत्तीही या नियमांनीच करायची. घरी बसून बघणाऱ्या आजी-आजोबांना थांबवायचं बटण मोठं आणि मराठीत मिळालं पाहिजे.

शनिवार, ८ मार्च

कमळाखाली ‘गुढीपाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा’ ही अक्षरं लिहिली जाताना दाखवायची आहेत. लॅटिन लिपीसाठी केलेली तयार साधनं मजकुराचे सुटे वर्ण करून एकेक दाखवतात. तसं केलं की ‘हार्दिक’चा रफार आधी वेगळा ‘र्’ म्हणून येतो आणि मग उडी मारून वर जातो. ‘दि’मध्ये आधी द दिसतो आणि वेलांटी नंतर डावीकडे घुसते. देवनागरीत साठवण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम वेगळा आहे. म्हणून मजकूर आधी हार्फबझसारख्या अक्षरजुळणीच्या इंजिनातून काढायचा, जोडाक्षरं पक्की होऊ द्यायची आणि मगच आकार घ्यायचे. शिवाय भाषा मराठी आहे असं कोडमध्ये लिहावं लागतं. ते लिहिलं की सोय असलेल्या फाँटमधून ‘शुभेच्छा’तला श आणि ‘मंगल’सारख्या शब्दातला ल आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही.

त्याहून खोल अडचण अशी की फाँटमध्ये अक्षराच्या कडा असतात, लेखणीची वाट नसते. तुटक रेघेची युक्ती कडांना लावली तर अक्षराची बाह्यरेषा उमटते, लिहिणारा हात दिसत नाही. म्हणून प्रत्येक अक्षराची मधली वाट मी स्वतः आखली आणि प्राथमिक शाळेत बाईंनी शिकवलेला क्रम ठेवला: आधी अक्षराचा गोल भाग, मग काना, मग मात्रा, शेवटी सगळ्या शब्दावरून शिरोरेघ. हा क्रम कुठल्या फाँटमध्ये साठवलेला नाही. तो आपल्या हातात आहे.

शनिवार, १५ मार्च

शहरातल्या हॅकरस्पेसमध्ये पेन चालवणारा प्लॉटर आहे. तिथल्या मंडळींनी तो आनंदाने दिला. माझा तोच पाथ यंत्राला दिला आणि पांढऱ्या पेनाने काळ्या कागदावर ज्ञानकमळ काढून घेतलं. पेन एकदाच टेकलं आणि कमळ पुरं झाल्यावरच उचललं गेलं. प्लॉटरला पेन उचलण्यात वेळ जातो, म्हणून सलग रेघ त्याला सर्वांत सोयीची. आईच्या नियमाचा हा गुण तिथल्या जर्मन मित्रांनी लगेच ओळखला आणि सगळे वहीतलं गणित तपासायला बसले.

मग नेस यांच्या ‘शोटर’बद्दल बोलणं निघालं. हे त्यांचं १९६८च्या सुमाराचं चित्र. ओळीत बारा चौरस, अशा बावीस ओळी. वरच्या ओळी शिस्तीत. खाली येता येता प्रत्येक चौरस थोडा अधिक सरकतो, थोडा अधिक तिरका होतो. नियम एका वाक्याचा: जितकी ओळ खाली, तितकी यदृच्छेला मोकळीक जास्त. आजच्या ब्राउझरमध्ये ते मोजक्या ओळींत होतं. साठ वर्षांत यंत्रं बदलली, पण चित्राची ताकद अजूनही नियम किती नेमका सुचला यातच आहे.

रविवार, २३ मार्च

मराठी मुलांची कार्यशाळा घेतली. पहिला तास संगणक बंद. जोड्या केल्या. एकाने ठिपक्यांची छोटी रांगोळी हातात धरायची आणि न दाखवता शब्दांत सांगायची. दुसऱ्याने ऐकून काढायची. नियम एकच, सूचना मराठीतून. ‘असं, इकडून’ हे शब्द चालत नाहीत, हे मुलांना लगेच कळलं. ‘खालून दुसरी ओळ, डावीकडून तिसरा ठिपका, तिथून तिरकं वर’ अशी भाषा आपोआप यायला लागली. जर्मनमध्येच विचार करणारी एक मुलगी आईकडे जाऊन ‘तिरकं’, ‘उभं’, ‘आडवं’ हे शब्द मागून घेऊन आली आणि दिवसभर वापरत राहिली.

दुसऱ्या तासाला तेच शब्द कोडमध्ये लिहिले. प्रोसेसिंग नावाची भाषा २००१मध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी चित्रकारांसाठीच तयार केली. तिची ब्राउझरमध्ये चालणारी बहीण पी५ शाळकरी मुलांना सहज जमते. आठाच्या जागी नऊ दिशा घातल्या तर काय होईल, असं एकाने विचारलं. मी उत्तर दिलं नाही, करून बघायला सांगितलं. त्याने नऊ, दहा, अकरा असं सगळं करून पाहिलं आणि दहाला रेघ लवकर का मिटते हे स्वतःच शोधून काढलं.

रविवार, ३० मार्च, पाडवा

आज पहाटे इथली घड्याळं तासभर पुढे गेली, त्यामुळे सकाळी सगळ्यांचीच धावपळ. तरी सभागृह भरलं. श्टुटगार्ट हे १९६८पासून मुंबईचं भगिनी-शहर. कार्यक्रमाला जर्मन पाहुणेही बरेच होते. गुढी उभारली, आणि पडद्यावर मध्यबिंदू उमटला, आठ दिशा, चाळीस ठिपके. रेघ निघाली. पहिल्या काही पाकळ्यांनंतर पुढच्या रांगेतल्या बायका मोठ्याने म्हणायला लागल्या: “एक, तीन, पाच, दोन, चार.” रेघ मिटली तेव्हा टाळ्या झाल्या.

त्यानंतर पडद्यावर आईचा नियम तिच्याच शब्दांत, मराठीत आणि जर्मनमध्ये, दाखवला. कार्यक्रमानंतर अनेक जणी वही मागत आल्या. त्यांच्या माहेरचं ज्ञानकमळ वेगळ्या क्रमाने जातं. एकीच्या घरी एक, चार, दोन, पाच, तीन असं म्हणतात. तिथेच मांडून पाहिलं. आईचाच क्रम उलट दिशेने वाचला की हा मिळतो. सांगलीचं आणि तिच्या गावचं कमळ एकमेकांचं आरशातलं रूप निघालं.

मंगळवार, १ एप्रिल

चैत्र लागला. आता महिनाभर घरोघरी चैत्रांगण निघेल: गोपद्मं, शंख, चक्र, कासव, सूर्य, चंद्र, तुळस. पुस्तकांत ही चित्रं छापलेली मिळतात. पण पुस्तकात तयार चित्र असतं. आधी काय, मग काय, हात कुठे वळतो, कुठे थांबतो, हे नसतं. तो क्रम काढणाऱ्या बाईबरोबरच राहतो आणि तिच्याबरोबरच जातो.

कोडने मला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हा क्रम विचारायची सवय. संगणकाला अर्धवट सूचना चालत नाही, म्हणून आपल्याला पूर्ण विचारावं लागतं, आणि पूर्ण विचारलं की समोरच्या माणसाच्या हातातलं ज्ञान पहिल्यांदा शब्दांत येतं. वेक्टर, पाथ, प्लॉटर ही पुढची साधनं; ती कोणालाही शिकता येतात. आधी नियम मिळाला पाहिजे.

म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगणं आहे. तुमच्या घरी आई, आजी, काकू, मावशी रांगोळी काढत असेल, तर या चैत्रात तिच्याशेजारी वही घेऊन बसा. तिला काढताना बोलायला सांगा. तिचे शब्द बदलू नका, दुरुस्त करू नका. किती ठिपके, कुठून सुरुवात, कोणता क्रम, थांबायचं कधी, एवढं लिहून त्यावर तिचं नाव, गाव आणि तारीख घाला. त्याचं अ‍ॅनिमेशन उद्या तुमची मुलं करतील. वही मात्र आजच भरली पाहिजे.